बेलआउट पास व्हावं, पण माझं नाव त्यावर नको

प्रश्न थोडक्यात असा आहे की २००८ साली अमेरिकेत बुडत्या बँका सरकारी पैशाने वाचवायचं, म्हणजे बेलआउटचं बिल आलं, राष्ट्राध्यक्ष बुश रिपब्लिकन, अर्थमंत्री पॉलसन त्यांचाच माणूस, तरी ते बिल पाडलं रिपब्लिकन खासदारांनीच, उलट विरोधी डेमोक्रॅट्सनी जास्त मतं दिली, मग चार दिवसांत तेच बिल पास पण झालं, हा काय प्रकार? आणि दुसरा भाग असा की आपल्याकडे बँक गाळात गेली की संसदेत असं मतदान झालेलं कधी ऐकलं नाही, मग आपले पक्ष नेमके भांडतात कशावर?

मी नाशिकमधे सीए आहे, बहुतेक काम सहकारी बँका, पतसंस्था आणि खेड्यापाड्यातल्या पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायट्यांच्या ऑडिटचं, त्यामुळे वॉल स्ट्रीटपेक्षा निफाड-दिंडोरी मला जास्त कळतं हे आधीच सांगतो. पण बुडती संस्था आणि निवडून आलेला माणूस हे दोघं एका खोलीत आले की काय होतं ते बऱ्यापैकी बघितलंय, आणि त्यात देश बदलला तरी फार फरक पडत नाही.

आधी अमेरिका. सप्टेंबर २००८. सात तारखेला फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या घरकर्जांच्या धंद्यातल्या दोन बड्या कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, पंधराला लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाली, तिला कुणी वाचवलं नाही, आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला फेडने, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेने, ८५ अब्ज डॉलर दिले. म्हणजे एकीला मरू दिलं आणि दुसरीला वाचवलं, चोवीस तासांत. लोकांना वाटलं हे काय मनाला येईल तसं चाललंय, आणि ते वाटणं अगदीच चूक नव्हतं. मग पॉलसननी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, ७०० अब्ज डॉलर मागितले. मागणीचा मसुदा किती पानांचा? तीन. आणि त्यातलं आठवं कलम असं की अर्थमंत्री या पैशाचं जे काही करतील त्याला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही. आमच्याकडे पतसंस्थेचा चेअरमन पाच लाखाचं फर्निचर घ्यायचं म्हटलं तरी तीन कोटेशन लावतो हो. त्यात पॉलसन कोण, तर गोल्डमन सॅक्सचे माजी प्रमुख. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं, आणि गंमत म्हणजे स्वपक्षीयांनाही मिळालं.

कारण रिपब्लिकन खासदार आयुष्यभर मतदारसंघात काय सांगत आलेला असतो, तर सरकारने बाजारात ढवळाढवळ करू नये, जो धंदा बुडतो त्याला बुडू द्यावं. आता त्याच माणसाने पाच आठवड्यांवर निवडणूक असताना उठून म्हणायचं की वॉल स्ट्रीटला ७०० अब्ज द्या. मतदारांचे फोन आणि ईमेल इतके आले की हाउसची, म्हणजे कनिष्ठ सभागृहाची, वेबसाइट अडखळायला लागली. पंचवीस तारखेला व्हाइट हाउसमधे बैठक झाली, राष्ट्राध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार, रिपब्लिकन मॅकेन प्रचार थांबवून आलेले, डेमोक्रॅट ओबामा आलेले, दोघांच्या देखत बैठकीचा विचका झाला, आणि नंतर पॉलसननी अक्षरशः एक गुडघा टेकून पेलोसीबाईंना विनवलं की बिल मोडू नका. रिपब्लिकन अर्थमंत्री डेमोक्रॅट स्पीकरसमोर गुडघ्यावर, कारण मतं त्यांच्याकडे होती.

२९ सप्टेंबरला मतदान झालं. २२८ विरोधात, २०५ बाजूने. डेमोक्रॅट्समधले १४० हो म्हणाले आणि ९५ नाही, रिपब्लिकनांमधले फक्त ६५ हो आणि १३३ नाही. त्या दिवशी तिथल्या शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक ७७७ अंकांनी पडला, तोपर्यंतची अंकांत सगळ्यात मोठी एका दिवसाची घसरण. रिपब्लिकन नेत्यांनी खुलासा काय केला, तर मतदानाआधी पेलोसींनी बुशच्या धोरणांवर टीका करणारं पक्षीय भाषण ठोकलं म्हणून आमची काही मतं फुटली. यावर डेमोक्रॅट खासदार बार्नी फ्रँक यांनी जाहीर टर उडवली की भावना दुखावल्या म्हणून देशाला शिक्षा देताय होय.

आता खरी गोम. त्या २२८ मधल्या प्रत्येकाला बिल पडावंसं वाटत होतं असं समजू नका. बऱ्याच जणांना ते पास व्हायला हवं होतं, फक्त दुसऱ्याच्या मतावर. आमच्या अपार्टमेंटच्या सभेत लिफ्ट दुरुस्तीला कुणाचाच विरोध नसतो पण ठरावाला सूचक म्हणून नाव लिहा म्हटलं की सगळे छताकडे बघतात, तोच प्रकार, फक्त इथे सूचक-अनुमोदक कमी पडले आणि लिफ्ट खाली आली. पुरावा हवा तर कुणी काय मत दिलं ते बघा. जे त्या वर्षी निवृत्त होणार होते, पुन्हा उभं राहायचं नव्हतं, ते जवळपास सगळे हो म्हणाले. ज्यांची लढत अटीतटीची होती ते बहुतेक नाही म्हणाले, मग ते कुठल्या का पक्षाचे असेनात. हाउसची निवडणूक दर दोन वर्षांनी, म्हणजे सगळ्यांचीच मान सुरीखाली. सिनेटमधे, म्हणजे वरच्या सभागृहात, एकावेळी तिसरा हिस्साच निवडणुकीला जातो, आणि तिथे एक ऑक्टोबरला तेच बिल ७४ विरुद्ध २५ ने आरामात निघालं. ओबामा, मॅकेन, बायडन तिघांनी बाजूने मत दिलं. याला तत्त्व म्हणायचं की कॅलेंडर ते तुम्ही ठरवा.

सिनेटने त्यात गोडधोड पण घातलं. ठेवींवरचा विमा एक लाखाचा अडीच लाख डॉलर केला, हे चांगलंच होतं, पण सोबत करसवलतींचं मोठं गाठोडं बांधलं, त्यात लहान मुलांच्या लाकडी बाणांवरचा कर माफ, रमवाल्यांना सवलत, असलं काय काय. तीन पानांचं बिल साडेचारशे पानांचं झालं. तीन ऑक्टोबरला हाउसमधे २६३ विरुद्ध १७१ ने पास, म्हणजे चार दिवसांत ५८ मतं वाढली. तरीही रिपब्लिकनांमधे बहुमत विरोधातच राहिलं, ९१ हो, १०८ नाही. बुशनी त्याच दिवशी सही केली.

पुढचा भाग लोकांना सहसा माहीत नसतो. पैसे मागितले होते बँकांकडची नासकी गहाणकर्जं विकत घ्यायला, आणि वापरले बँकांच्या भागभांडवलात. तेरा ऑक्टोबरला नऊ मोठ्या बँकांच्या प्रमुखांना एका खोलीत बसवून सांगितलं की घ्या, नको असलं तरी घ्या, मिळून १२५ अब्ज. ऑडिटर म्हणून माझं मत विचाराल तर हे बरोबरच केलं. नासक्या कर्जाची किंमत कोण ठरवणार, त्यात सहा महिने गेले असते, भांडवल एका दिवसात जातं आणि बदल्यात सरकारला शेअर मिळतो. शेवटी ७०० पैकी प्रत्यक्ष वाटले गेले साधारण ४४३ अब्ज, बँकांना दिलेले व्याज-लाभांशासकट परत येऊन वर नफा झाला, आणि सगळ्या कार्यक्रमाचा निव्वळ खर्च त्यांच्या काँग्रेसच्या बजेट ऑफिसने ३१ अब्जाच्या आसपास काढला, तो मुख्यतः घरकर्जदारांची मदत, एआयजी आणि वाहनकंपन्या यांच्यामुळे.

हिशोब असा बरा निघाला तरी राजकारणात त्याचं कौतुक कुणाला मिळालं? कुणालाच नाही. मार्च २००९ मधे बातमी आली की एआयजीने १६५ दशलक्ष डॉलरचे बोनस वाटले, देश पेटला, हाउसने अशा बोनसवर ९० टक्के कर लावायचं बिल ३२८ विरुद्ध ९३ ने पास केलं, ते पुढे सिनेटमधे विरलं. युटाचे सिनेटर बॉब बेनेट पक्के रिपब्लिकन, पण बेलआउटला हो म्हटलेलं, २०१० मधे त्यांना स्वतःच्याच पक्षाने उमेदवारी दिली नाही. आणि बुशच्या काळात आलेला कायदा ओबामाने आणला अशी कित्येक लोकांची समजूत होऊन बसली, कारण चेक फाटत होते तेव्हा खुर्चीत ओबामा होता. बेलआउटचं बिल ज्याच्या नावावर फाडायचं तो माणूस बदलता येतो, हे तिथल्या पक्षांना चटकन कळलं.

वाहन कंपन्यांचं प्रकरण तर आपल्या लोकांना जास्त ओळखीचं वाटेल. डिसेंबर २००८ मधे जीएम आणि क्रायस्लरसाठी बिल आलं, हाउसमधे पास झालं, सिनेटमधे अडलं. अडवणाऱ्यांत पुढे कोण, तर अलाबामा आणि टेनेसीचे रिपब्लिकन सिनेटर. आता अलाबामात मर्सिडीज, होंडा, ह्युंदाईचे कारखाने, टेनेसीत निसानचा. मिशिगनचा कारखाना वाचवायला माझ्या राज्यातल्या कारखान्याच्या कामगाराने कर का भरावा, हा त्यांचा मुद्दा तत्त्वाच्या भाषेत मांडला गेला, पण नकाशा उघडून बघितला की सगळं समजतं. शेवटी बुशनी जाता जाता बँकांच्या त्याच फंडातून १७.४ अब्ज काढून दिले, काँग्रेसला न विचारता. साखर कारखान्यांच्या थकहमीचे, म्हणजे कारखान्याने कर्ज थकवलं तर सरकार भरेल या हमीचे, निर्णय ज्याने जवळून बघितलेत त्याला यातलं काहीच परकं नाही.

आता आपल्याकडे या. त्याच सप्टेंबरच्या शेवटी आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा उठली, एटीएमवर रांगा लागल्या, इथे नाशिकमधे पण लोक विचारत होते की पैसे काढू का, आणि ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावं लागलं की बँकेकडे पुरेशी रोकड आहे. तेवढ्यावर ते शमलं. सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचे मात्र पुढचे काही महिने वाईट गेले, मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी आटल्या, बिलं लांबली. डिसेंबरमधे केंद्राने एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, चार टक्क्यांनी कमी केली, त्याला विरोध कुणी करायचा प्रश्नच नव्हता.

पण २००८ मधे आपल्याकडे बेलआउट झालंच नाही असं समजू नका. सात महिने आधीच झालं होतं. २९ फेब्रुवारीच्या बजेटमधे चिदंबरम यांनी ६० हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. आता तुम्ही म्हणाल ते बँकेचं बेलआउट कसं, ते तर शेतकऱ्याचं. तर जरा थांबा, सोसायटीच्या दप्तरात शिरू.

कर्जमाफीचा रुपया शेतकऱ्याच्या हातात येत नाही, तो बँकेत जातो. शेतकऱ्याच्या खात्यावरची थकबाकी निघते, आणि बँकेच्या ताळेबंदात ज्या कर्जावर एनपीए, म्हणजे थकून बसलेलं कर्ज म्हणून तरतूद करून बसावं लागलं होतं तिथे 'शासनाकडून येणे' अशी रक्कम उभी राहते, पुढे हप्त्याहप्त्याने ती येते. बुडीत कर्जाच्या जागी सरकारची उधारी. हे भांडवल घालण्यापेक्षा वेगळं आहे, पण बँकेला जीवदान मिळतं हे नक्की, फक्त पावतीवर नाव शेतकऱ्याचं. म्हणूनच विरोध कुठल्याच पक्षाला परवडत नाही. त्या वेळी भाजपने काय म्हटलं, माफी नको म्हटलं का? नाही, अपुरी आहे म्हटलं, दोन हेक्टरपर्यंतच पूर्ण माफी या अटीमुळे विदर्भातला कोरडवाहू शेतकरी सुटतो म्हटलं, आणि त्यात तथ्य होतं. अमेरिकेत दोन्हीकडचे लोक बेलआउटपासून पळत होते, आपल्याकडे दोन्हीकडचे त्याच्यावर चढून बसायला धडपडत होते. पुढे कॅगने, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०१३ मधे अहवाल दिला, तपासलेल्या खात्यांपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त खात्यांत काही ना काही घोळ निघाला, पात्र सुटलेले, अपात्र बसलेले. पण तोवर २००९ ची निवडणूक होऊन चार वर्षं झाली होती.

२०१७ ला तर एका वर्षात सगळे रंग बघायला मिळाले. मार्चमधे विधानसभेत कर्जमाफीवरून गोंधळ, काँग्रेस-राष्ट्रवादीचे १९ आमदार निलंबित. त्याच महिन्यात एसबीआयच्या तेव्हाच्या अध्यक्षा म्हणाल्या की अशा माफीने कर्जाची शिस्त बिघडते, तर त्यांच्यावर हक्कभंगाची नोटीस. सरकारचा सूर तेव्हा असा की माफीने बँकांचंच भलं होतं. शिवसेना सत्तेत, पण रस्त्यावर विरोधात, जुलैत बँकांसमोर ढोल वाजवले. एक जूनपासून पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, आमच्या जिल्ह्यात तो सगळ्यात कडक पाळला गेला, बाजार समित्या ओस, मुंबईला जाणारं दूध-भाजी बंद, आणि २४ जूनला फडणवीस सरकारने ३४ हजार कोटींची माफी जाहीर केली, दीड लाखापर्यंत. मग २०१९ च्या शेवटी सरकार बदललं, ढोलवाल्यांचे उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, दोन लाखांची माफी आणली, आणि आता भाजप विचारायला लागला की सातबारा कोरा करणार होतात त्याचं काय झालं. नियमित फेडणाऱ्यांना ५० हजार प्रोत्साहन आघाडी सरकारने २०२० मधे जाहीर केलं, ते प्रत्यक्ष वाटलं २०२२ मधे शिंदे सरकारने, आणि श्रेय दोघांनी घेतलं. बाक बदलला की वाक्य बदलतं, यापलीकडे त्यात विचारसरणी शोधू नका.

निफाड तालुक्यातल्या एका सोसायटीचं उदाहरण सांगतो, कारण राजकारण्यांच्या तारखा खाली येऊन काय करतात ते तिथे दिसतं. २०१७ च्या योजनेत ३० जून २०१६ ला जो थकबाकीदार होता तो पात्र. त्या सोसायटीत दोन सख्खे भाऊ, वाटण्या झालेल्या, सातबारे वेगळे पण बांध एकच, दोघांची द्राक्षं, दोघांचं कर्ज जवळपास सारखं. थोरल्याने मार्चमधे मेव्हण्याकडून उसने आणून नवं-जुनं करून घेतलं, म्हणजे जुनं कर्ज भरलं आणि एप्रिलमधे नवं उचललं. धाकट्याने भरलंच नाही, माफी होणारे असं बाजारात चाललंय म्हणाला. धाकट्याचं दीड लाख गेलं. थोरला 'नियमित', त्याला योजनेत जास्तीत जास्त २५ हजार. त्यानंतर गटसचिव मार्चमधे वसुलीला दारात गेला की थोरला चहा पाजायचा आणि म्हणायचा, भाऊ, यंदा निवडणूक कधी आहे ते बघून सांगतो. हा माणूस लबाड नाही हो, त्याने फक्त नियम नीट वाचलेत. एका गावात असे पन्नास झाले की सोसायटी झोपते, सोसायट्या झोपल्या की जिल्हा बँक, आणि मग जिल्हा बँकेसाठी पुन्हा सरकारच्या दारात.

आणि जिल्हा बँक म्हटली की पक्ष आलाच. नोव्हेंबर २०१६ मधे नोटबंदीनंतर आठवड्याच्या आत रिझर्व्ह बँकेने देशभरातल्या जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी केली. महाराष्ट्रात तेव्हा बहुतेक जिल्हा बँकांवर वर्चस्व कुणाचं, तर काँग्रेस-राष्ट्रवादीवाल्यांचं. त्यांचं म्हणणं, आमचं सहकाराचं जाळं मोडायला हे केलं. भाजपचं म्हणणं, तिथून काळा पैसा पांढरा होत होता. दोघंही आपापल्या मतदाराशी बोलत होते, आणि मधल्या मधे पेरणीला पीककर्ज मिळेना, खात्यातले स्वतःचे पैसे निघेनात. आधी घेतलेल्या नोटा बदलून घ्यायला परवानगी मिळाली ती जून २०१७ मधे, तरी नोटबंदीच्या आधीची हातातली रोकड म्हणून नाशिकसह राज्यातल्या आठ जिल्हा बँकांचे मिळून साधारण ११२ कोटी लटकले ते लटकलेच. या गोष्टीला कुणी बेलआउटचं राजकारण म्हणत नाही, पण कुणाला वाचवायचं याइतकंच कुणाला लोंबकळत ठेवायचं हेही त्याच खात्यात येतं.

मित्रपक्षांतसुद्धा हे चालतं बरं का. मे २०११ मधे रिझर्व्ह बँकेने राज्य सहकारी बँकेचं, म्हणजे शिखर बँकेचं संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक बसवला. मंडळावर वर्चस्व राष्ट्रवादीचं, मुख्यमंत्री काँग्रेसचे पृथ्वीराज चव्हाण, दोघं एकाच सरकारात. ती कुरबूर त्या सरकारच्या शेवटापर्यंत संपली नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, संसदेत मतदान का होत नाही. पहिलं कारण पक्षांतरबंदी. १९८५ पासून व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या आदेशाविरुद्ध, मत दिलं तर खासदारकी जाते, म्हणजे २९ सप्टेंबरसारखा प्रकार, सत्ताधारी पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी स्वतःच्या सरकारचं बिल पाडणं, आपल्याकडे जवळपास अशक्य. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आपल्याकडे पैसा त्या दाराने येतच नाही. येस बँक बघा. ५ मार्च २०२० ला निर्बंध, पन्नास हजारांची मर्यादा, आणि आठवड्याभरात योजना तयार, एसबीआयने ६०५० कोटी घालून ४८ टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला, सोबत इतर बँका. बजेटमधून रुपया नाही, म्हणून सभागृहात मत नाही. ज्यांनी एफडीपेक्षा जास्त व्याज म्हणून एटी-वन बाँड, म्हणजे बँक अडचणीत आली तर शून्य करता येणारे रोखे, घेतले होते त्यांचे ८४१५ कोटी शून्य झाले, त्यात गंगापूर रोडचे दोन रिटायर्ड गृहस्थ माझ्याकडे कागद घेऊन आले होते, त्यांना ही एफडीच वाटत होती. यावर राजकारण काय झालं, तर अर्थमंत्री म्हणाल्या की अडचणीतल्या कंपन्यांना ही कर्जं २०१४ च्या आधीची, आणि चिदंबरम म्हणाले की बँकेचं कर्जवाटप मार्च २०१४ ला ५५ हजार कोटी होतं ते मार्च २०१९ ला २ लाख ४१ हजार कोटी कसं झालं. दोघांनी तारखा फेकल्या. बाँडवाल्याचा तोटा बरोबर की चूक यावर ना इकडचा बोलला ना तिकडचा, कारण त्यात मतं नव्हती.

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं याच्या उलट. सप्टेंबर २०१९ मधे निर्बंध, सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा, आणि महिन्याभरात विधानसभेचं मतदान. ठेवीदारांनी मुंबईत भाजपच्या ऑफिसबाहेर अर्थमंत्र्यांना घेराव घातला. तरी खरी सोडवणूक व्हायला जानेवारी २०२२ उजाडला, युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झालं तेव्हा. येस बँकेला दोन आठवडे, पीएमसीला सव्वादोन वर्षं. येस बुडाली तर इतर बँकांना धक्का, पीएमसी बुडाली तर फक्त ठेवीदार. त्या आंदोलनातून एक गोष्ट मात्र झाली, ठेवींवरचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला, फेब्रुवारी २०२० मधे.

सरकारी बँकांचं तर विचारूच नका, मालकच सरकार. ऑक्टोबर २०१७ मधे २ लाख ११ हजार कोटींचं पुनर्भांडवलीकरण, म्हणजे नवं भांडवल घालणं, जाहीर झालं, आकड्याने ते भलंमोठं होतं, पण बराचसा भाग रोख्यांतून, बँकांनी सरकारचे रोखे विकत घ्यायचे आणि सरकारने तोच पैसा भांडवल म्हणून बँकांत परत घालायचा, त्यामुळे सामान्य माणसाला खिशातून काही गेल्यासारखं वाटतच नाही. काँग्रेस म्हणे उद्योगपतींची कर्जं माफ केली, मोदी म्हणे युपीएच्या काळातलं फोन बँकिंग, म्हणजे नेत्याच्या फोनवर दिलेली कर्जं. राइट-ऑफ म्हणजे कर्ज ताळेबंदातून काढणं, वसुली सोडणं नव्हे हे दोन्हीकडच्या वकिलांना व्यवस्थित माहीत आहे, तरी वर्षानुवर्षं ते वाक्य चालतंय. आणि जे थोडंफार बजेटमधून जातं ते पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मधे मागितलेल्या जादा खर्चात जातं. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसात, गोंधळात, आवाजी मतदानाने. कुणी हो म्हटलं आणि कुणी नाही, याची नोंदच राहत नाही, मग बॉब बेनेटसारखा कुणी पडणार कसा.

म्हणून माझ्या मते फरक हा आहे: अमेरिकेत भांडण होतं वाचवायचं की नाही यावर, कारण तिथे नाव नोंदवलं जातं. आपल्याकडे वाचवायचं हे ठरलेलंच असतं, भांडण कुणाची बँक, कुणाचा कारखाना आणि कुणाच्या फोटोखाली यावर होतं. लोकसभेच्या आधी साखर कारखान्यांना सरकारी हमीवर कर्ज मिळायच्या याद्या निघतात तेव्हा विरोधकांचे कारखाने गाळले असा आरोप ठरलेला असतो, आणि मधेच एखादा चेअरमन पक्ष बदलतो. आमच्या जिल्ह्यातले नासाका, निसाका, म्हणजे नाशिक आणि निफाड सहकारी साखर कारखाने, वर्षानुवर्षं बंद पडले त्याची कारणं ऊस, पाणी, कर्ज सगळीच आहेत, पण कुठल्या वेळी कुणी कुठल्या पक्षात होतं हा प्रश्न त्या गावांत अजूनही पहिला निघतो.

मग आपणही तसं नावानिशी मतदान करावं का? मला नाही वाटत. बँकेवर रांग लागलेली असताना २८८ किंवा ५४३ लोकांची समजूत काढत बसणं परवडत नाही, त्यांचे चार दिवस केवढ्याला पडले ते बघितलंच. पण त्यांनी दुसरी एक गोष्ट केली ती घेण्यासारखी आहे. त्याच कायद्यात त्यांनी त्या फंडावर वेगळा महानिरीक्षक बसवला, काँग्रेसचं देखरेख मंडळ नेमलं, एलिझाबेथ वॉरन त्याच्या प्रमुख होत्या तेव्हा त्या सिनेटर पण नव्हत्या, आणि कुठल्या बँकेला किती दिले, किती परत आले, ते सगळं लोकांसमोर मांडलं. आपल्याकडे माफीची बँकनिहाय रक्कम, थकहमी घेतलेला कारखाना, त्याचे संचालक, आणि हमी वठली तर सरकारने भरलेला पैसा, हे एका ठिकाणी बघायला मिळत नाही, तुकड्या-तुकड्यांत बजेटच्या जाड पुस्तकांत आणि कॅगच्या अहवालांत शोधावं लागतं. तुम्ही विद्यार्थी असाल तर पुढच्या अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांचं पुस्तक डाउनलोड करा, त्यात सहकार विभागाची पानं काढा, आणि समोर जिल्हा बँकांच्या संचालकांची यादी ठेवा. दोन संध्याकाळी जातील. टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा जास्त कळेल, आणि शंका आली तर विचारा, मार्च-एप्रिल सोडून केव्हाही.